नांदूरमध्यमेश्वरचा एक दिवस, पक्ष्यांची नावं न येणाऱ्यांसाठी

नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य नाशिकपासून जेमतेम ४० किलोमीटर. तरी जायचं राहत होतं, आणि त्याला कारण अंतर नव्हतं. पक्षी बघायला जाणारी माणसं लांबचा ठिपका बघून "मादी आहे, तलवार बदकाची" असं सांगून मोकळी होतात. माझी खात्री कावळा, चिमणी, साळुंकी, बुलबुल आणि खंड्या इथे संपायची. अशा माणसाने तिथे जाऊन करायचं काय, कुणाला विचारायचं, नोंद कशी ठेवायची, हे एका जागी कुठे वाचायला मिळालं नाही. या हिवाळ्यात ते जमलं, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

तयारी डिसेंबरमध्ये सुरू केली. पहिली खरेदी दुर्बिणीची. दुकानात गेलं की सगळ्यात जास्त जवळ दाखवणारी घ्यावी असं वाटतं. तसं करू नका. दुर्बिणीवर ८×४२, १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढून दिसते आणि नजरेत मावणारा पट्टा अरुंद होतो, म्हणून नवख्या माणसाला पक्षी सापडतच नाही. मी ८×४२ घेतली, साडेसात हजारांना. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा आत फिरवून ठेवायच्या, नाहीतर कडेचं सगळं कापलं जातं. उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी एक फिरणारी कडी असते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायचं, मग डावी बाजू झाकून ती कडी फिरवायची. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असतो, हे एकदा करून ठेवलं की दिवसभर डोकं दुखत नाही.

मग गच्चीवर सराव. पक्ष्यावरून नजर काढायची नाही, मान हलवायची नाही, दुर्बीण तेवढी वर आणून डोळ्यांना लावायची. समोरच्या बाभळीवरच्या वेड्या राघूंनी हा अभ्यास मनापासून करून घेतला.

नावांचं काय करायचं, याची युक्ती माझ्या लेकीची. ई-बर्ड नावाची जगभर चालणारी नोंदवही आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने २००२ साली सुरू केलेली. खातं फुकट उघडता येतं. त्यात प्रत्येक प्रसिद्ध पाणथळीचं स्वतंत्र पान असतं आणि कोणत्या महिन्यात कोणता पक्षी किती वेळा दिसतो ते हिरव्या पट्ट्यांमधून कळतं. पट्टा जाड, तर पक्षी हमखास. लेक म्हणाली, "आई, जाड पट्टेवाले दहाच घे. बाकीचे तिथे गेल्यावर बघू." त्यातून आमचे दहा ठरले: वारकरी, हळदी-कुंकू बदक, थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, मोर शराटी, चित्रबलाक आणि राखी बगळा. रोज रात्री जेवणानंतर त्यांचेच फोटो बघायचे: नर, मादी, उडताना, पाठमोरा. शंभर पक्षी वरवर चाळण्यापेक्षा हे दहा पाठ करणं मला फार उपयोगी पडलं.

महिना जानेवारी निवडण्यामागेही कारण आहे. उत्तरेकडून येणारी बदकं ऑक्टोबरात उतरतात तेव्हा पुष्कळ नरांची पिसं मळकी, मादीसारखी असतात. हिवाळा सरकतो तसे त्यांचे रंग परत येतात. जानेवारीत थापट्याचं डोकं हिरवंगार असतं आणि तलवार बदकाची शेपटी टोकदार. नव्या माणसाची निम्मी अडचण तिथेच संपते.

अभयारण्यात वनखात्याने तयार केलेले स्थानिक मार्गदर्शक आहेत, आजूबाजूच्या गावांतलेच तरुण. हिवाळ्यातल्या रविवारी त्यांना फार मागणी असते. मी बुधवारी फोन केला, तर "शनिवारी संध्याकाळी सांगतो ताई" असं उत्तर मिळालं. शनिवारी सात वाजता होकार आला, तोवर जीव खालीवर. शक्य असेल तर मधल्या वारी जा.

१२ जानेवारी २०२५, रविवार. मी, लेक आणि माझे सासरे, अण्णा. अण्णांचं बालपण सायखेड्याचं, त्यामुळे गोदावरीचा तो पट्टा त्यांच्या ओळखीचा. पहाटे सव्वापाचला निघालो. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून आत वळून सायखेडा, पुढे खानगाव थडी. निफाड तालुक्याची थंडी बातमीत वाचणं वेगळं आणि साडेपाचला गाडीची काच खाली करणं वेगळं. द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जाळ करतात. कानटोपी, हातमोजे आणि थर्मासमधला चहा ही चैन समजू नका. बोटं बधिर झाली की दुर्बिणीचं चाक फिरत नाही.

प्रवेशद्वाराशी नोंदवही. नाव, गाव, फोन, माणसं किती, गाडीचा क्रमांक, कॅमेरा आहे का. प्रवेशाची, कॅमेऱ्याची आणि मार्गदर्शकाची रक्कम वेगवेगळी भरावी लागते. दर तिथल्या फलकावर लिहिलेले असतात. सुटे पैसे जवळ ठेवा. पहाटे मोबाईलला नीट रेंज नव्हती, आमच्या पुढचं कुटुंब पैसे पाठवायची खटपट करत उभं राहिलं आणि त्यात त्यांची सोनेरी वीस मिनिटं गेली. पावती दिवसभर सांभाळायची. ई-बर्डचं अॅप आणि त्यातली महाराष्ट्राची पक्षी-यादी घरच्या वायफायवर उतरवून घेतली होती, ते बरं झालं. रेंज नसतानाही ते चालतं.

मार्गदर्शक भाऊ पंचविशीचे असतील. खांद्यावर तिपाई आणि मोठी दुर्बीण. मी त्यांना आधीच सांगून टाकलं, "भाऊ, आम्हाला दहाच येतात." ते म्हणाले, "चांगलंय की ताई. दहा नीट बघणारं कोण येतंय? घाई तेवढी नका करू."

सूर्य सव्वासातच्या आसपास उगवला. त्याच्या आधी काही दिसत नव्हतं, नुसता आवाज होता. गवतातून कुजबुज, मध्येच जांभळ्या पाणकोंबडीची कर्कश हाक, पाण्यावर काहीतरी फडफडत धावल्याचा सपसप आवाज. उजाडलं तसं कळलं, ते वारकरी. त्यांना उडायच्या आधी पाण्यावर बरंच अंतर पळावं लागतं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. माझ्या दहांतला पहिला, आणि कुणी सांगायच्या आत मी ओळखलेला. फार आनंद झाला.

आम्ही मनोऱ्याजवळ उन्हाकडे पाठ करून उभे राहिलो. हे महत्त्वाचं. ऊन समोरून आलं तर सगळी बदकं काळी दिसतात. थापट्यांचा एक घोळका एकाच जागी गोलगोल फिरत होता, चोची पाण्याला चिकटवलेल्या. भाऊंनी समजावलं, त्यांच्या रुंद चोचीच्या कडांना बारीक दातेरी झालर असते, त्यातून पाणी गाळून किडे, शेवाळ, बिया खातात; सगळ्यांनी मिळून फिरलं की तळाचं खाद्य वर येतं. लेक तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ तेच बघत राहिली. तेवढ्यात डोक्यावरून मोर शराटींच्या रांगा सुरू झाल्या. एक रांग संपते न संपते तोच दुसरी. पहिल्यांदा काळ्या दिसतात, वळताना ऊन लागलं की पिसांवर तांबूस, हिरवट झळाळी येते.

मोजायचं कसं, हे तिथे शिकले. भाऊंची पद्धत अशी: आधी नीट दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठवा. मग तेवढ्याच जागेच्या पाच घासांचे पन्नास, आणि ते माप पुढे सरकवत न्या. मोठ्या थव्याचा फोटोही काढून ठेवा, घरी मोठा करून पडताळता येतो. मोर शराटी आम्ही रांगा मोजून ३५० धरले.

वारकऱ्यांचं मोजणं मात्र जमेना. निम्मे पाणगवतात, निम्मे बाहेर. भाऊ म्हणाले, "थांबा, मोजणीदार येईल." दहा मिनिटांत गवतावरून पंख किंचित वर उचलून धरलेला एक मोठा तपकिरी पक्षी संथ तरंगत आला. दलदल हारिण. बघता बघता गवतातले सगळे वारकरी मोकळ्या पाण्यात आले आणि एकमेकांना खेटून गच्च गोळा झाले. शिकारी पक्ष्याला एकटा सापडतो, घोळक्यातला सापडत नाही. "आता मोजा पटकन," भाऊ म्हणाले. मी आणि लेक वेगवेगळं मोजायला लागलो. माझे ६२०, तिचे ५८०. आम्ही ६०० लिहिले. दोन माणसांनी न बोलता मोजून मग आकडे ताडून बघणं, ही सवय मला फार आवडली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हे लिहायला बसले. बदकांच्या घोळक्यात पुष्कळ तपकिरी माद्या होत्या. चक्रांगाची, भुवई बदकाची, तलवार बदकाची, थापट्याची मादी दुरून सारखीच. सहा पक्ष्यांवर मी अडकून राहिले. भाऊंनीही तिपाईतून बराच वेळ बघितलं आणि सरळ सांगितलं, "लांब आहेत. नाव नाही देता येणार." मग अॅपमध्ये दाखवलं, की नुसतं 'बदक, प्रजाती अनिश्चित' अशी नोंदही करता येते. बगळ्यांची, किनाऱ्यावरच्या छोट्या चिखलपक्ष्यांचीही तशी सोय आहे. इतकी वर्षं मी ज्या भीतीने आले नव्हते, तिला नोंदवहीत आधीच जागा ठेवलेली होती. ओढूनताणून दिलेलं नाव पुढे कुणा अभ्यासकाच्या नकाशात चुकीचा ठिपका होतं. न दिलेल्या नावाने कुणाचं काही बिघडत नाही. सहा बदकं, अनिश्चित. मी ते समाधानाने लिहिलं.

अॅपबद्दल आणखी थोडं. चालायला लागताना 'सुरू' दाबलं की वेळ आणि अंतर आपोआप नोंदलं जातं. दिवसभराची एकच लांबलचक यादी करू नये. जागा बदलली की नवी यादी, आणि पंधरा मिनिटांच्या छोट्या याद्या तर सगळ्यात उत्तम, कारण कोणता पक्षी नेमका कुठे होता ते त्यातून कळतं. शेवटी प्रश्न येतो, ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेत का? कावळा-साळुंकीसकट सगळे लिहिले असतील तरच 'हो' म्हणायचं. न दिसलेला पक्षीही माहिती असते, आणि ती या 'हो'मधूनच मिळते.

साडेदहापर्यंत दहांतले नऊ झाले होते. चक्रवाक राहिले. ऊन चढलं, पाण्यावर हवा थरथरायला लागली आणि लांबचं सगळं पुसट झालं. अण्णांना मनोऱ्याचा जिना दोनदा चढवत नव्हता, ते खाली बाकावर बसून होते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर घडीची हलकी खुर्ची न्या. पाण्याकडेने बसूनही छान दिसतं. अण्णांनी बसल्या जागी टिबुकली बघितली होती आणि ती बुडी मारून पुन्हा कुठे निघते याचा अंदाज बांधत होते.

दुपारचं जेवण गावातच, बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. घरगुती जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं. बारा ते तीन पक्षी निवांत असतात, माणसांनीही असावं.

तीननंतर बंधाऱ्याच्या बाजूला गेलो. इथे अण्णा बोलते झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी हा बंधारा इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला तो कालव्यांसाठी. डावा-उजवा कालवा इथून निघून खाली अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव-राहाता भागातल्या उसाला पाणी देतो. पक्ष्यांचा तेव्हा कुणी विचार केला नव्हता. नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षं साठत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि बदकांना, बगळ्यांना हवी तशी पाणथळ आपोआप घडली. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पुढे रामसर यादीत जागा मिळवणारी ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ ठरली. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव, तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळींच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. या जागेवर निवासी आणि स्थलांतरित मिळून २६५ पक्षिप्रजाती नोंदल्याचं रामसरच्या कागदपत्रांत आहे.

"आमच्या लहानपणी हा फक्त बंधारा होता," अण्णा म्हणाले. "पूर आला की इथलं पाणी किती चढलं, एवढंच विचारायचे." नाशिकच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथूनच पुढे जायकवाडीकडे जातं. म्हणजे इथली पातळी पक्ष्यांच्या सोयीने ठरत नाही, वरच्या विसर्गावर आणि खालच्या मागणीवर ठरते. पाणी फार भरलं तर चिखल बुडतो आणि शेकाट्या, तुतारी, चमचा यांना पाय टेकायला जागा उरत नाही. फार उतरलं तर बदकं हलतात. जाण्याआधी मार्गदर्शकाला "पाणी किती आहे?" हा प्रश्न नक्की विचारा.

त्या दिवशी पाणी बेताचं होतं. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांनी चिखल तुडवत होते, चित्रबलाक चोच उघडी ठेवून पाण्यात फिरवत मासे धरत होते. पावणेपाचला, निघायच्या बेतात असताना, पलीकडच्या वाळूवर केशरी रंगाची जोडी दिसली. चक्रवाक. ही बदकं लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण करून हिवाळ्याला खाली येतात. अण्णांनी दुर्बीण मागून घेतली आणि परत द्यायला बराच वेळ लावला.

दिवसाचा खर्च: पेट्रोल सहाशेच्या आसपास, त्यावर तिघांचं जेवण, प्रवेश-कॅमेरा-मार्गदर्शक. मार्गदर्शकाच्या पैशात घासाघीस करू नका. त्याच गावातल्या माणसांचं पोट पाणथळीवर चालतं, तेव्हाच ती टिकते.

रात्री घरी याद्या पाठवल्या. मोर शराटींच्या ३५० या आकड्यापुढे लगेच खूण आली, इथल्यासाठी संख्या मोठी, तपशील द्या. मी 'रांगांत उडताना दहा-दहांच्या मापाने मोजले' असं लिहिलं. आठवड्याभराने ई-बर्डच्या परीक्षकांची ईमेल आली. हे परीक्षक स्वयंसेवक असतात, आपापल्या भागातल्या नोंदी तपासतात. पत्र वाचताना पोटात गोळा आला, पण मजकूर अगदी सौम्य होता: फोटो असल्यास जोडावा, एवढंच. लेकीने काढलेल्या फोटोत एका रांगेत ४७ मोजता आले, तो जोडला आणि किती रांगा होत्या ते लिहिलं. चार दिवसांनी नोंद मान्य झाली. तुम्हालाही असं पत्र आलं तर घाबरू नका, तुमची नोंद कुणीतरी खरोखर वाचते आहे असा त्याचा अर्थ.

रोहित पक्षी मात्र त्या दिवशी नव्हते. नांदूरला ते येतात, पण हमखास नाही. भाऊ म्हणाले, "ते बघायचे तर ताई, घाट उतरा." म्हणून २ फेब्रुवारीला, रविवारी, मी आणि लेक सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने ठाण्याला गेलो, तिथून लोकलने ऐरोली आणि पुढे रिक्षा. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडीत बोट जाते. खाडीचा हा भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तोही रामसर यादीत आला. बोटीचं आरक्षण आधी करावंच लागतं, आणि वेळ ते लोक ठरवत नाहीत, भरती ठरवते. पाणी अगदी उतरलेलं असेल तर बोट चिखलात अडकते, पूर्ण भरलं तर रोहितांचा चिखल बुडतो. मधला वेळ साधायचा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आधीच्या रविवारची वेळ पुढच्या रविवारी चालत नाही. आरक्षणाच्या वेळी भरतीची वेळ विचारा आणि त्याप्रमाणे गाडी पकडा. त्या दिवशी भरती दुपारची होती, त्यामुळे पंचवटी सोयीची पडली.

तिवरांच्या कडेने बोट वळली तेव्हा गुलाबी रेघ दिसली आणि जवळ जाता जाता तिचे पाय, माना वेगळे झाले. इंजिन बंद केल्यावर ऐकू आला तो त्यांचा आवाज, हंसासारखा, सतत चाललेला. चोच उलटी करून पाणी गाळत एक-एक पाऊल पुढे. त्यांच्या पायांशी छोटे चिखलपक्षी धावत होते. त्यातले शेकाट्या ओळखीचे निघाले. बाकीचे पंचवीस-तीस आम्ही 'चिखलपक्षी, अनिश्चित' असे लिहिले आणि रोहित मोजायला घेतले, दहा-दहांच्या मापाने, दोघींनी वेगवेगळे. माझे ८४०, तिचे ९००.